बापू, तुमच्या टिपणीबद्दल

आदरणीय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला दोन मिनिटं दिली होती, त्यातलं एक हार घालण्यात गेलं. शिवाय समोर साहेब लोक बसलेले. साहेबांसमोर लिपिकाचं फार कौतुक केलं तर पंचाईत लिपिकाचीच होते. आता तुम्ही नगरपरिषदेतून पेन्शनीत निघालात, तेव्हा मोकळेपणाने लिहिते, आणि गावाला वाचता येईल असं उघड लिहिते. फोनला सांगून टाइप करवून घेतेय, त्यामुळे एखादा शब्द भलताच उमटला असेल तर समजून घ्या. त्याला माझी खान्देशी मराठी अजून पुरती कळत नाही.

दिव्यांगांचा निधी म्हणजे आपल्याकडे मार्च महिन्याचा कार्यक्रम. नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के पैसा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा, असा राज्याचा नियम आहे. पूर्वी तो 3 टक्के होता. वर्षभर त्याची आठवण कोणाला नसते. मग मार्चमध्ये यादी निघते, रक्कम नावांवर सारखी वाटली जाते, एखाद्याला तीनचाकी सायकल मिळते, फोटो निघतो. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरात त्या पैशाने किराणा भरला जातो त्याला विचारा.

आम्ही तुमच्या टेबलाशी आलो ते वेगळाच अर्ज घेऊन. आमच्या दिव्यांग कलावंतांच्या मंडळीचं अहिराणी नाटक बसलं होतं आणि टाऊन हॉल एका संध्याकाळसाठी विनाभाडं हवा होता. एवढंच. तुम्ही अर्ज वाचलात, चहा सांगितलात आणि म्हणालात, “भाडं माफ करून घ्याल, पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याच दारात. मी नसलो तर?” मग कपाटातून 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा काढलात आणि कलम 29 मला मोठ्याने वाचून दाखवलंत. सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाय करायचे, दिव्यांग कलावंत-लेखकांना सोयी आणि आधार द्यायचा, कला त्यांना सुगम करायची, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. “स्थानिक प्राधिकरण म्हणजे कोण? आपणच ना,” असं तुम्ही म्हणालात, तेव्हा तुमचा आवाज मला जरा खट्याळ वाटला.

लोक विचारतात बापूंनी असं काय केलं. त्यांनी मंजुरीसाठी फाइलवर टिपणी लिहिली. निधीतला वैयक्तिक लाभाचा भाग जागच्या जागी ठेवून सामूहिक सोयींच्या भागातून हॉलची दुरुस्ती आणि वर्षाला एक सुगम प्रयोग एवढं मागितलं, कायद्याचं कलम जोडलं, अंदाजपत्रकात त्याला स्वतंत्र ओळ मागितली. तेव्हा नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, म्हणून हात वर करायला कोणी नव्हतं आणि अडवायलाही कोणी नव्हतं. तरी फाइल तीनदा खाली आली, हे मला शिपाईकाकांकडून कळलं; तुम्ही कधी बोलला नाहीत.

आता उताराची गोष्ट, कारण ती गावात अर्धीच माहीत आहे. हॉलला पुढे चार पायऱ्या, म्हणजे दोन फूट चढ. ठेकेदाराने सिमेंट ओतून सहा फुटांत उतार उरकला. मोटारसायकल सुसाट वर जात होती, तेव्हा सगळे खूश. तुम्ही टेप घेऊन आलात आणि म्हणालात, “हाऊ उतार शे का घसरगुंडी?” फूटभर चढायला बारा फूट लांबी लागते, दोन फुटांना चोवीस. नाहीतर चाकाची खुर्ची स्वतःच्या हाताने वर जात नाही आणि उतरताना माणसाला तोंडावर टाकते. जागा नाही म्हणून सांगितलं गेलं. तुम्ही भिंतीलगत अर्ध्यावर सपाट ओटा काढून उतार वळवलात आणि दोन्ही बाजूंना धरायला पाइप लावून घेतलेत. जुना फोडेपर्यंत मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊ दिली नाहीत, म्हणजे बिल अडलं. ठेकेदाराने तुमच्या नावाने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मला खरा मोलाचा वाटला तो तुमचा पुढचा प्रश्न. सगळे प्रेक्षकांच्या दाराशी उतार बघत उभे होते आणि तुम्ही विचारलंत, “स्टेजवर कसं चढणार?” हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण दिव्यांग म्हणजे बघणारा, टाळ्या वाजवणारा, फार तर सत्कार घेणारा, असंच धरून चाललेलं असतं. आमचा नाटकात पोलीस पाटलाचं काम करणारा गडी चाकाच्या खुर्चीवर. तालमीत त्याला चौघं उचलून वर ठेवायचे, आणि पाटलाचा रुबाब तिथेच संपायचा. मागच्या अंगणाची जमीन उंच आहे हे तुम्हीच हेरलंत. विंगेमागचं दार रुंद केलं, एका पायरीचा उतार झाला, आणि प्रयोगाला पाटील आपल्या पायगुणाने, म्हणजे चाकगुणाने, एंट्रीला आले.

प्रयोगाबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण तुम्ही मागे जनरेटरजवळ उभे होतात. पडदा उघडायच्या आधी आम्ही न दिसणाऱ्यांना स्टेजवर नेलं. कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशी देवीचा, चौरंग, तिच्या पूजेचा नारळ, नैवेद्याच्या रोटांची परात, पाटलाची पगडी, सगळं हाताने बघितलं. मग प्रत्येकाच्या कानात छोटा संच. गाइड लोक पर्यटकांसाठी वापरतात तसा बिनतारी माईक घेऊन आपल्या शाळेतल्या एक बाई मागच्या खोलीत बसल्या आणि दोन संवादांच्या मधल्या फटीत सांगत गेल्या: सून दारात थबकली, सासूने परात लपवली. ही फट सांभाळणं फार अवघड काम आहे, बापू. जास्त बोललं तर नाटक बुडतं, कमी बोललं तर आम्ही न दिसणारे बुडतो. धरणगावकडचे एक आजोबा आले होते. एरवी नातू कानात सांगतो तोवर हशा होऊन गेलेला असतो आणि आजोबा एकटेच उशिरा हसतात. प्रयोग संपल्यावर म्हणाले, “आज मी सगळास्ना संगे हसनू.”

कानाने न ऐकू येणाऱ्यांसाठी खुणांच्या भाषेचे दुभाषी होते. त्यांना अहिराणी येत नाही, म्हणून संहिता आधी मराठीत करून पाठवली. अंधार झाला की दुभाषीही दिसेनासे होतात, त्यामुळे त्यांच्यावरचा एक दिवा शेवटपर्यंत चालू ठेवला. आमचा प्रकाशयोजनाकार त्या दिव्यावर अजून नाराज आहे. असू दे.

विरोध झाला तो बाहेरून कमी, आमच्यातूनच जास्त. “संजय गांधी निराधार योजनेचे पैसे वेळेवर येत नाहीत आणि यांना नाटक पाहिजे,” असं एका बैठकीत तोंडावर म्हटलं गेलं. मला ते लागलं, पण बोलणारा चुकीचं बोलत नव्हता. तुम्ही वाद घातला नाहीत. त्याचा रखडलेला अर्ज आधी तहसीलला पाठपुरावा करून मार्गी लावलात आणि मग प्रयोगाचं निमंत्रण दिलंत. तो आला. पहिल्या रांगेत नाही बसला, पण आला.

वही, म्हणजे डफावरची खान्देशी लोकगाणी, गाणाऱ्या आमच्या भाऊंचंही इथेच लिहिते. डफावर त्यांचा हात पडला की कानबाईची रात्र उजाडेपर्यंत कोणी उठत नाही. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत सन्मान योजनेत महिना 5,000 रुपये मानधन आहे आणि 50 वर्षांच्या अटीत दिव्यांगांना 10 वर्षांची सवलत आहे, हे त्यांना तुमच्यामुळे कळलं. पुरावा मागितला तर त्यांच्याकडे एक कात्रण नव्हतं. वही गाणाऱ्याची बातमी छापतो कोण? गावोगावच्या कानबाई मंडळांची पत्रं गोळा करायला तुम्ही रविवारी त्यांच्यासोबत फिरलात. ते तुमच्या कामात बसत नव्हतं.

माझी एक मैत्रीण म्हणते, हक्काच्या गोष्टीचे आभार कशाला मानायचे? तिचं खरं आहे. उताराचे आभार मी मानत नाही. तो 24 फुटांचाच व्हावा म्हणून तुम्ही उन्हात टेप धरून उभे राहिलात, त्याचे मानते. आणि त्या ओळीचे मानते, कारण यंदाच्या अंदाजपत्रकात ती तुम्ही निवृत्त झाल्यावरही आली आहे. तुमच्या खुर्चीवरच्या नव्या ताईंनी मला स्वतःहून फोन केला, यंदाचा प्रयोग कधी घेताय म्हणून.

दोन कामं बाकी आहेत. हॉलच्या मागच्या स्वच्छतागृहाचं दार आत उघडतं, खुर्ची आत गेली की बंद होत नाही. आणि सिनेमागृहांत ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि न दिसणाऱ्यांसाठी काय सोयी असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये काढली आहेत. ती घेऊन टॉकीजवाल्यांकडे जायचं आहे. टिपणी मी लिहिलीय. तुम्ही एकदा नजरेखालून घाला, भाषा सरकारी झाली नसेल तर करून द्या.

वहिनींना नमस्कार. यंदाच्या प्रयोगाला जनरेटरजवळ उभं राहायचं नाही, खुर्चीत बसायचं.

तुमची,
पेटीवाली ताई