चौदाव्या होलची नोंद

फाइफ, स्कॉटलंड
15 जून 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यातल्या शनिवारी रात्री, तुमच्या झोपायच्या वेळी आपले बोलणे झाले तेव्हा गोल्फच्या स्पर्धेचे काय झाले असे बाबांनी विचारले आणि ‘बक्षीस थोडक्यात हुकले’ एवढेच सांगून मी विषय बदलला. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. मला स्पर्धेतून बाद करण्यात आले, आणि ते योग्यच झाले. बाबा, उभी नोकरी सहकारी बँकांच्या वह्या तपासण्यात घालवलेल्या माणसाला ही हकीकत फोनवर, मागे बातम्यांचा आवाज चालू असताना तुटक तुटक सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडी व्यवस्था सांगते, म्हणजे आईलाही उलगडा होईल. आमच्या क्लबात महिन्यातून एकदा मेडल नावाची स्पर्धा असते. अठरा होल खेळायचे (एक होल म्हणजे चेंडू एका खळग्यात जाईपर्यंतचा टप्पा), प्रत्येक फटका मोजायचा, एकूण फटक्यांतून आपला हँडिकॅप, म्हणजे आपल्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट, वजा करायचा, आणि जिची बाकी सर्वांत कमी ती जिंकली. या खेळात पंच बरोबर चालत नाही. तिघी-तिघींचा गट निघतो आणि पहिला फटका मारण्याआधी कार्डांची अदलाबदल होते: माझे कार्ड दुसरीच्या खिशात, दुसरीचे तिसरीच्या, तिसरीचे माझ्या. चार तास आणि सुमारे दहा किलोमीटरची चाल, त्या सगळ्या वेळात आपण स्वतः खेळायचे आणि दुसरीचे खाते लिहायचे. जी आपले खाते लिहिते तिला मार्कर म्हणतात. माझे हे वेड कुठून आले असे तुम्ही नेहमी विचारता; मला वाटते, त्या कार्डावरच्या चौकटींनी मला पहिल्याच दिवशी घरची आठवण करून दिली होती.

हँडिकॅपचा हिशेब मात्र तुम्हाला रुचणार नाही. खेळाडूच्या शेवटच्या 20 नोंदलेल्या फेऱ्या घ्यायच्या, मैदान किती अवघड होते ते पाहून त्या दुरुस्त करायच्या, आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या 8 फेऱ्यांची सरासरी काढायची. ही जागतिक पद्धत इकडे नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झाली. ‘मग उरलेल्या 12 कुठे गेल्या?’ हा तुमचा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतो. त्या वहीत असतात, पण जमेस धरत नाहीत. याला ताळेबंद म्हणायचे की जाहिरात, ते तुम्हीच ठरवा. त्याचा परिणाम असा होतो की आपला हँडिकॅप हा आपल्या चांगल्या दिवसांचा आकडा असतो, आणि बहुतेक शनिवारी माणूस स्वतःपेक्षा वाईट खेळून घरी येतो. सात वर्षांत माझी त्याला सवय झाली आहे. मात्र 7 तारखेचा शनिवार तसा नव्हता. माझा हँडिकॅप 20 होता आणि तेराव्या होलपर्यंत माझ्या हातून असे फटके गेले की मी मुद्दाम बेरीज करायचे टाळत होते.

चौदाव्या होलच्या उजव्या अंगाला गॉर्सची दाट रांग आहे. गॉर्स म्हणजे बाभळीला लाजवील असे काटेरी झुडूप, पण वसंतात ते पिवळ्या फुलांनी नुसते पेटलेले असते आणि ऊन पडले की त्याच्या फुलांना खोबऱ्याचा वास येतो. आई, अगदी तू वड्या थापतेस तेव्हा स्वयंपाकघरात येतो तसा. जूनमध्येही थोडी फुले उरलेली होती. माझा दुसरा फटका थेट त्या वासात गेला. चेंडू दिसत होता, त्यावरचा हिरवा ठिपका वरच्या बाजूला होता. (सगळ्या खेळाडू चेंडूवर आपली खूण करतात. माझी खूण हिरव्या शाईची का, हे बाबांना सांगायला नको.) पण काठी फिरवायला जागाच नव्हती. अशा वेळी चेंडू खेळण्याजोगा नाही असे स्वतःच जाहीर करता येते. दोन काठ्यांच्या अंतरात तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा आणि एक फटका दंड म्हणून खात्यावर घ्यायचा. मी तसे केले. दोन फटके आधीचे, तिसरा दंडाचा, चौथ्याला चेंडू ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, आणि मग पटिंगचे, म्हणजे चेंडू हळूच ढकलायचे, दोन फटके. सहा. मी ‘सहा’ म्हणालेही, पण खाडीवरून सुटलेल्या त्या वाऱ्यात माझा आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. माझे कार्ड लिहिणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि माझ्याहून दुप्पट चोख आहेत. त्यांनी दिसलेले फटके मोजले आणि पाच लिहिले.

इथपर्यंत काहीच बिघडले नव्हते. फेरी संपल्यावर कार्डे परत ज्याची त्याला मिळतात, खेळाडूने एकेक चौकट ताडून पाहायची, मार्करची सही, आपली सही, आणि मग कार्ड पेटीत. हे सगळे नीट व्हावे यासाठीच तर ही रीत आहे. मी मात्र अठराव्या होलवरून येता येता बॅगेतला मुका करून ठेवलेला फोन काढला आणि त्यावर आईचे पाच मिस्ड कॉल दिसले. जानेवारीत बाबांना स्टेंट घातल्यापासून आईचे एकाहून जास्त कॉल दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. मी उभ्या उभ्या सही केली, कार्ड पेटीत टाकले, गाड्या लावतात तिथे धावत गेले आणि फोन लावला. आई म्हणाली, ‘अगं, कुरिअरवाला सोमवारी येणार आहे. लोणचं कैरीचं पाठवू की लिंबाचं?’

आई, यात तुझा काडीचाही दोष नाही, आणि हे वाचून तू पुढचे पाच शनिवार फोन न करण्याचे ठरवशील म्हणून आधीच सांगून ठेवते. दोष सही करणाऱ्याचा असतो.

आत जाऊन चहा घेतला. फळ्यावर माझे नाव सर्वांत वर होते: एकूण 91, वजा 20, बाकी 71. दुसरी 72 वर होती. लोक अभिनंदन करून गेले, आणि मी मनातल्या मनात फेरी पुन्हा खेळायला लागले. तो चहाबरोबरचा माझा नेहमीचा चाळा आहे. पहिल्या होलपासून एकेक आकडा आठवत गेले. बेरीज 92 आली. पुन्हा केली, 92. मग तो गॉर्सचा वास आठवला.

सचिवबाईंकडे गेले. त्यांनी पेटीतले कार्ड काढले, चौदावी चौकट पाहिली, मार्करबाईंना बोलावले, आणि मग मला एक प्रश्न फार सावकाश विचारला: दंडाचा तो फटका लागतो हे सही करताना तुला ठाऊक होते का? बाबा, या प्रश्नात सगळी मेख आहे. सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असेल तर खेळाडू बाद होतो. पण एखादा दंड लागू झाला हेच त्याला माहीत नसेल, तर तेवढा दंड मिळवून कार्ड ग्राह्य धरतात. म्हणजे मी ‘नव्हते ठाऊक’ म्हटले असते तर 72 वर दुसरीशी बरोबरी झाली असती, आणि मग मागच्या नऊ होलचे आकडे पाहून निकाल लागला असता. पण चेंडू मी स्वतःच्या हाताने उचलला होता, दोन काठ्या जमिनीवर आडव्या ठेवून मोजल्या होत्या, गुडघ्यापासून सोडला होता. मला ठाऊक होते, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि माझ्या नावापुढे ‘बाद’ अशा अर्थाची दोन अक्षरे लिहिली. मार्करबाईंचे डोळे भरून आले. तेवढे एक मला लागले.

आता जे तुम्हाला सांगायचे मी आठवडाभर घोळवत आहे ते सांगते. या खेळाच्या नियमात कार्डावरची बेरीज ही खेळाडूची जबाबदारीच नाही. बेरीज आणि हँडिकॅपची वजाबाकी समिती करते. बेरीज साफ चुकली तरी कोणी तुम्हाला बोल लावत नाही. खेळाडू फक्त एकेका होलच्या नोंदीला बांधलेला असतो. शिवाय नोंद स्वतःच्या तोट्याची चुकली, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त लिहिली गेली, तर ती तशीच कायम राहते. 1968 साली अमेरिकेत मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विचेंझोचे हेच झाले. शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले होते, मार्करने चार लिहिले, त्याने सही केली. 65 चे 66 झाले आणि एका फटक्याने तो बरोबरीच्या निर्णायक खेळाला मुकला. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता, आणि त्याने दोष दिला तो फक्त स्वतःला. माझ्या लहानपणी तुम्ही रात्री दिव्याखाली बसून वही तपासताना म्हणत असत की बेरीज कोणीही करील, नोंद बघायची असते. तेव्हा मला ते हिशेबनिसाचे खूळ वाटत असे. इथे ते नियमावलीत आहे.

तुमचा मूळ आक्षेप वेगळा आहे, हे मी विसरलेले नाही. हा साहेबांचा खेळ. पुण्यात असताना गोल्फशी आपला संबंध काय, तर येरवड्याला जाताना कंडक्टरने ‘गोल्फ क्लब चौक’ असे ओरडणे. मुंबई-पुण्यापुरते तुमचे म्हणणे मी आजही खोडून काढणार नाही. पण 2018 च्या उन्हाळ्यात तुम्ही आला होतात तेव्हा सेंट अँड्रूज गावातल्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावरून आपण तिघे रविवारी चालत गेलो, ते आठवा. रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो आणि सगळे गाव कुत्री आणि लेकरे घेऊन फिरायला येते. ही जमीन कोणाची, असे तुम्ही विचारलेत आणि सार्वजनिक मालकीची आहे, तिचा कारभार 1974 च्या कायद्याने एका न्यासाकडे दिला आहे, हे ऐकून तुम्ही मैदानातल्या स्विल्कन पुलावर बराच वेळ उभे राहिलात. बाहेरच्या पाहुण्याला तिथली एक फेरी डोळे पांढरे करील इतकी महाग पडते, हेही खरे. बायकांच्या बाबतीत तर या गावाने फारच उशीर लावला. 1754 साली स्थापन झालेल्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने स्त्रियांना सभासद करून घ्यायचे ठरवले ते सप्टेंबर 2014 मध्ये. एकोणिसाव्या शतकात तर बाईने काठी खांद्याच्या वर नेणे अशोभनीय समजत, म्हणून 1867 साली त्यांच्यासाठी फक्त पटिंगचा एक क्लब निघाला. त्याच्या उंचसखल हिरवळीला सगळे ‘हिमालय’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी आपण तिथे थोड्या पैशांत खेळलो आणि आईने बाबांना दोन फटक्यांनी हरवले. बाबा, ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. बेरीज तुम्ही केली होती, आणि ती बरोबर आहे.

आईला या खेळाची खरी गोडी लागली ती मात्र ऑगस्ट 2021 मध्ये, जेव्हा आपली गोल्फ खेळाडू अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये शेवटच्या दिवशी पदकाच्या जवळ होती. इथे मध्यरात्र उलटलेली, तिथे तुम्ही पहाटे दिवा लावून टीव्हीपुढे बसलेले, आणि दोन्हीकडे फोन चालू. अदिती एका फटक्याने कांस्यपदकाला मुकली, चौथी आली. आई त्या वेळी पदकाबद्दल काहीच बोलली नाही. तिने फक्त एवढेच विचारले की मुलीची बॅग तिची आई उचलते आहे, ती किती जड असेल? मी तेव्हा अंदाजाने काहीतरी सांगितले होते. गेल्या रविवारी माझी बॅग वजनकाट्यावर ठेवली: चौदा काठ्या, चेंडू, पाणी, पावसाळी कोट मिळून साडेअकरा किलो. मी ती ढकलगाडीवर नेते, तेव्हा काळजी नसावी.

काल पुन्हा खेळले, काही विशेष नाही, बाकी 79. पण सही करण्यापूर्वी बाकावर बसले, पेन्सिलीने अठराही चौकटींना तुमच्यासारखी बारीक टिक केली, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला आणि मार्करबाईंनी प्रत्येकाला ‘हो’ म्हटले. मागच्या दोन गटांना थोडे थांबावे लागले. त्या बाईंनी तुमच्याबद्दल विचारले. तुम्ही पुढच्या मे महिन्यात आलात तर त्यांना चहाला यायचे आहे. डॉक्टर प्रवासाला हो म्हणतात का, ते पुढच्या तपासणीत नक्की विचारा. आणि आई, शनिवारी फोन अवश्य कर, फक्त तुमच्याकडे दिवेलागणी झाल्यावर कर. तोवर माझे कार्ड पेटीत पडलेले असते.

तुमची,
मनू

ता. क. लोणचे परवा पोचले, बरणी शाबूत आहे. त्या दिवशी सही केली तशीच घाईघाईत ‘लिंबाचे’ म्हणून गेले. मला कैरीचे हवे होते.