'चिरतरुण' नको, म्हातारी बकॉलच छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या हॉलिवूड तारकांवर लेख आला की विशीतला फोटो पानभर असतो आणि सत्तरीतला तिकिटाएवढा, तोही घासूनपुसून गुळगुळीत केलेला. खाली ओळ असते, 'चिरतरुण सौंदर्य'. लॉरेन बकॉलच्या बाबतीत तरी हे होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

ही बाई पहिल्या दिवसापासून चेहऱ्याला हात लावू देत नव्हती. 1944 च्या 'टू हॅव अँड हॅव नॉट' या तिच्या पहिल्या चित्रपटाच्या आधी वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचा मेकअपप्रमुख पर्क वेस्टमोर तिच्या भुवया कोरायला, कपाळावरचे केस काढून कपाळ मोठे करायला आणि दात सरळ करायला निघाला होता. तिने थेट दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला गाठले. हॉक्सने तिला जाड भुवया आणि वाकड्या दातांसकटच निवडले होते, त्यामुळे तो बेत तिथेच संपला.

तिच्या ज्या नजरेवर इतके लिहिले जाते, ती मुळात थरथर लपवण्याची युक्ती. वय 19, समोर नायक म्हणून 44 वर्षांचा हम्फ्री बोगार्ट, आणि घाबरल्यामुळे डोके हलायचे. हनुवटी छातीपर्यंत खाली दाबली की डोके स्थिर राहते, मग समोरच्याकडे बघायला डोळेच वर उचलावे लागतात. बुबुळाखाली पांढरे दिसते, भुवईची सावली पापणीवर उतरते, गालाचे हाड उठून येते. यातले काहीही तरुण कातडीवर अवलंबून नाही. म्हणून सत्तरीनंतरच्या फोटोंतही ती नजर तशीच ओळखू येते. गालाखालचा खळगा तेवढा वयाने खोल केला, आणि त्या चेहऱ्याला तो शोभला.

आता फोटो कुठे बिघडतात ते सांगतो. रिटचिंग, म्हणजे फोटोतले दोष झाकणे, स्टुडिओंच्या काळातही होतेच. निगेटिव्हवर काळे-पांढरे उलटे असते, म्हणून 8 बाय 10 इंचांच्या निगेटिव्हवर सुरकुती म्हणजे पातळ, जवळजवळ पारदर्शक रेघ. ती टोकदार शिसपेन्सिलीने भरली की प्रिंट काढताना तेवढ्यातून प्रकाश कमी जाई आणि सुरकुती फिकट पडे. एकेक रेघ हाताने भरायची असल्याने कारागीर कुठे थांबायचे ते ठरवत असे. आज संगणकावर एका फटक्यात अख्खा चेहरा पुसला जातो. डोळ्यांकडेच्या रेघा जातात, कातडीची छिद्रे जातात, पण मान आणि हात राहतात 80 वर्षांचे. चेहरा वरून चिकटवल्यासारखा दिसतो तो त्यामुळे.

तुमच्या टेबलावरची अडचणही खरी आहे. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, छापील फोटोचा प्रत्येक ठिपका फुगतो, आणि संगणकाच्या पडद्यावर हलकी वाटणारी सुरकुती छापून आली की चर खणल्यासारखी काळी होते. त्यावर उपाय म्हणून रेघ पुसू नये. फोटोतले मधले करडे टोन थोडे उजळावेत. निवडीला वाव असेल तर एका बाजूने कडक प्रकाश पडलेला फोटो टाळावा, कारण त्यात प्रत्येक घडीला स्वतंत्र सावली मिळते. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचाही नको. तो सुरकुत्यांबरोबर हाडेही सपाट करतो, आणि बकॉलच्या चेहऱ्यात हाडे गेली की उरले काय? वरून, किंचित बाजूने येणारा मऊ प्रकाश सगळ्यात बरा.

आवाजाबद्दल थोडक्यात. खालच्या पट्टीतला तो आवाज उपजत नव्हता. हॉक्सच्या सांगण्यावरून ती मलहॉलंड ड्राइव्हवर गाडी थांबवून कादंबरी खालच्या सुरात मोठ्याने वाचत बसे. नक्कल करणाऱ्यांनी जपून: श्वासाचा आधार नसताना आवाज सतत खाली दाबला की घसा थकतो, बसतो. या विकाराला वैद्यकात 'बोगार्ट-बकॉल सिंड्रोम' असेच नाव पडले आहे.

आणि स्पष्टवक्तेपणा. 1978 च्या आत्मचरित्रात तिने लिहून टाकले की हॉक्स ज्यूंबद्दल वाईट बोले आणि आपण ज्यू असल्याचे ती भीतीपोटी त्याला सांगत नव्हती. स्वतःचा भित्रेपणा असा उघड मांडणारे तारे थोडे. गायक फ्रँक सिनात्राने लग्न ठरवून कसे मोडले हेही तिने सोडले नाही. 2004 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात कुणी अभिनेत्री निकोल किडमनला 'लेजंड' म्हणाले, तेव्हा 79 वर्षांच्या बकॉलने त्याला तिथल्या तिथे अडवले: ती नवशिकी आहे, लेजंड व्हायला वय लागते. काहींना हा उद्धटपणा वाटला. मला त्यात हिशेबाचा चोखपणा दिसतो. माणसाचे सगळे आयुष्य चेहऱ्यावर दिसते आणि त्याचा अभिमान हवा, असे ती म्हणे, आणि शस्त्रक्रियेच्या वाटेला गेली नाही.

मात्र चेहऱ्यावर उपचार करून घेतले त्यांना हिणवायला या मुद्द्याचा वापर होऊ नये. 2014 च्या ऑस्कर सोहळ्यात 81 वर्षांच्या किम नोव्हाक या जुन्या तारकेच्या चेहऱ्याची टर उडवली गेली. तिने नंतर टवाळखोरांना जाहीर उत्तर दिले आणि गालांत चरबीची इंजेक्शने घेतल्याचेही कबूल केले. तोही स्पष्टवक्तेपणाच.

पुढच्या वेळी फोटो लागेल तेव्हा 2009 चा घ्यावा. मानद ऑस्कर मिळाला तेव्हा बकॉल 85 वर्षांची होती. पुतळा हातात येताच ती म्हणाली होती, "अखेर एक पुरुष!" तो फोटो मोठा लावा, विशीतला तिकिटाएवढा.

आपला,
एक वाचक