सईचा कान बरा आहे

लीड्स, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

सईचा कान आता बरा आहे. मुद्दाम आधी हेच लिहिलं, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचाल. परवा फोनवर कानटोपी आणि लसणाच्या तेलावरून आपली जुंपली म्हणून लिहायला बसले. थेंब घातल्यावर सई कुशीवर पडून असते, त्या पाच पाच मिनिटांत हे पत्र चाललंय.

आई, ती कानटोपी घालते. रोज. पोहण्याचं पाणी कानात राहून बाहेरची नळी सुजली होती, थंडीचा काही संबंध नाही. आणि लसणाचं तेल घातलं नाही ते तुझं खोटं ठरवायला नव्हे. डॉक्टरांनी थेंब लिहून दिल्यावर त्यावर तेल कशाला?

गंमत पुढेच झाली, औषधाच्या दुकानात. आपले कोपऱ्यावरचे काका "दोन थेंब, सकाळ-संध्याकाळ" म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. इथे बोटभर बाटलीसाठी फार्मासिस्ट बाई आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. माझ्या पोटात गोळाच आला. तर त्यांना फक्त थेंब कसे घालायचे ते सांगायचं होतं!

आधी सईचं वय विचारलं. तीन वर्षांखालच्या पोराचा कान मागे आणि खाली ओढायचा, मोठ्याचा मागे आणि वर, म्हणजे नळी सरळ होते. सई ६ वर्षांची, म्हणून वर. बाईंनी स्वतःचाच कान ओढून दाखवला. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंब आत गेले की पोराला गरगरतं. मग हलवायची. टोक कानाला लागू द्यायचं नाही. थेंब पडले की भोकापुढचा तो छोटा उंचवटा हलकेच दाबायचा, औषध खोल उतरतं. दुसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं तरी सातही दिवस घालायचं. कापसाची काडी तर नावालाही नको.

एवढं सांगून म्हणतात, "आता तुम्ही सांगा." मी! सईसमोर! तोंडी परीक्षेसारखं घडाघडा म्हटलं, पण बाटली हलवायची विसरले, तर पुन्हा पहिल्यापासून. राग आला होता, खोटं कशाला सांगू. घरी येऊन सईने बाबाला बातमी दिली, "आई नापास झाली."

बाटली फोडल्याची तारीखही वर लिहायला लावली. उरलेलं पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. आई, फ्रिजच्या दारातली बाबांच्या कानाची ती जुनी बाटली आजच टाक. निखिल एकदा तीच डोळ्यात घालायला निघाला होता, आठवतंय ना?

औषधाला किती गेले हे बाबा विचारणारच. काही नाही. इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना लिहून दिलेली औषधं फुकट. मोठ्यांना मात्र एकेका औषधामागे ९.९० पौंड, म्हणून माझा खोकला आल्याच्या रसावर चाललाय. तसा काही विशेष नाही तो.

आता निखिलच्या लग्नाचं. कार्यालयाच्या ॲडव्हान्ससाठी ५०,००० पाठवलेत, बुधवारपर्यंत खात्यात दिसतील. मी एक लाख म्हणाले होते, उरलेले जानेवारीत नक्की. बाबा, परत करायची भाषा नको.

येण्याचं म्हणाल तर मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे शाळा चालू. आठवडाभर विनापरवानगी रजा काढली तर आई आणि बाप दोघांना प्रत्येकी ८० पौंड दंड होऊ शकतो. मावशीला, काकूला मी हेच कारण सांगतेय. पण तिघांच्या तिकिटांपुढे तो दंड किती, हे बाबांना मी सांगायला नको. मी एकटी यायचं बघतेय. रजेचा अर्ज टाकलाय, अजून उत्तर नाही. केळवणांना तर नाहीच पोचणार. करवलीचा मान तूर्त चिंगीला द्या. मी आले तर तिच्याकडून मागून घेईन.

निखिलला म्हणावं, रागावू नकोस.

पाच मिनिटं झाली, सई हाका मारतेय.

तुमची,
वृंदा