डाव्या बाजूच्या ब्रशबद्दल ताईस पत्र

विश्रामबाग, सांगली
दि. १७ नोव्हेंबर

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला आणि तू ‘बाबा, आता पुरे’ म्हणून फोन ठेवलास. तुला पाचवा महिना चालू असताना मी असे ओरडायला नको होते; तुझी आई त्या रात्री माझ्याशी धड बोलली नाही आणि तिचे बरोबरच होते. या पत्रात डोहाळजेवणाची तारीख कळवायची, अक्काच्या गुडघ्याचे सांगायचे आणि दातांचा विषय काढायचाच नाही, असे ठरवून बसलो आहे. पण तू सहज बोलून गेलेले वाक्य काही केल्या मनातून जात नाही : ‘रक्त येतं म्हणून महिनाभर डाव्या बाजूला ब्रश फिरवलाच नाही.’

ताई, तुझा जन्म झाला त्या वर्षी हेच वाक्य मी तुझ्या आईला ऐकवले होते.

तेव्हा मी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना सकाळपासून उभा असे. पहाटे चूळ भरली की पाणी गुलाबी दिसायचे, पण दुखत काहीच नव्हते. दुखले असते तर वेळेवर दवाखान्यात गेलो असतो. हिरड्यांचा हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, हीच त्यातली मेख आहे. मी त्या बाजूचा ब्रश बंद केला आणि आजीच्या सांगण्यावरून बोटाने मीठ चोळू लागलो. जोडीला सिगारेट होतीच. सिगारेटमुळे हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्त कमी दिसते, हे मला कुठे ठाऊक होते? रक्त थांबले म्हणजे हिरड्या बऱ्या झाल्या, असे धरून मी निर्धास्त राहिलो. २००५ च्या महापुरात आपण मामांकडे राहायला गेलो होतो. तू सहा वर्षांची होतीस, आणि कृष्णेचे पाणी कुठवर आले हे दर तासाला मला विचारायचीस. तुला भाजलेले शेंगदाणे सोलून देता देता एक दाणा मी तोंडात टाकला आणि खालची डावी दाढ जागची हलली. तू पाण्याचे विचारत होतीस आणि मी जिभेने ती दाढ चाचपत होतो.

पुढे मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद घातली, आणि एकेका दाताचा आकडा त्या शेजारच्या मुलीला लिहून घ्यायला सांगत गेल्या. तीन, पाच, सात, सात. तीनपर्यंतची फट निरोगी समजतात. चारच्या पुढे गेली की काळजीचे कारण असते. दातांवर साचणारा पांढरट, चिकट थर रोज काढला नाही, तर काही दिवसांत त्याचे कीटण होते आणि मग ते ब्रशने निघत नाही. त्या थरातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येते. म्हणजे ब्रश थांबवला की थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढते. सूज हिरडीपुरती असेपर्यंत नीट सफाई केली की दोन-तीन आठवड्यांत हिरडी पूर्ववत होते. ती खाली हाडापर्यंत पोहोचली, म्हणजे ज्याला आपण पायरिया म्हणतो तो झाला, की दाताभोवतीचे हाड झिजू लागते. आजार थोपवता येतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. माझ्या सात दाढा त्यातच गेल्या.

मी पुन्हा व्याख्यान देऊ लागलो, माफ कर. तू शिकलेली आहेस, स्वतःच्या हिमतीवर नाशकात संसार उभा केला आहेस, आणि हळदीचे नमुने पारखण्यात जन्म गेलेल्या माणसाने तुला किती शिकवावे, हे मला कळते. तरी तेवढी डावी बाजू सोडू नकोस.

गरोदरपणात संप्रेरके बदलल्यामुळे एरवी सोसला जाणारा थरही हिरड्यांना सोसत नाही, त्यामुळे या दिवसांत रक्त येणे सर्रास आढळते. बाळंतपणानंतर ते बहुधा कमी होते, पण कीटण आधीपासून साचले असेल तर ते काही बाळंतपणाबरोबर जात नाही. आरशासमोर एकदा नीट पाहा : हिरडीची कड फिकट गुलाबी आहे की लालभडक आणि फुगलेली, एखादा दात पूर्वीपेक्षा लांब दिसतो का, दोन दातांमध्ये नवी फट पडली आहे का, सकाळी तोंडाला वास येतो का.

‘अशा दिवसांत दातांना हात लावू नये,’ असे तुझ्या सासूबाई म्हणाल्या, ते मायेपोटीच असेल. परंतु चौथा ते सहावा महिना हा दातांच्या उपचारांसाठी सर्वांत सोयीचा काळ मानतात. २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दवाखान्यात केलेली हिरडीखालची खोलवर सफाई सुरक्षित ठरली आणि हिरड्याही सुधारल्या. मात्र त्यामुळे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली, असे दिसले नाही. म्हणून बाळाची भीती घालून तुला दवाखान्यात धाडावे, असे माझ्या मनात नाही. तुझे दात तुझ्या तोंडात राहावेत, एवढेच आहे. सफाईने दात हलू लागतात, हाही समजच आहे. कीटणाने धरून ठेवलेला सैल दात कीटण निघाल्यावर उघडा पडतो, इतकेच. औषधाच्या दुकानातून मनाने गोळी मात्र घेऊ नकोस, कारण टेट्रासायक्लिनच्या जातीच्या औषधांचे डाग पोटातल्या बाळाच्या दातांवर उतरतात.

साखरेची तपासणीही तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारून करून घे. मला मधुमेह आहे आणि तो तुझ्या आजोबांनाही होता. साखर चढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही, हे मी दहा वर्षे अनुभवतो आहे.

मऊ ब्रश घे, तो हिरडीच्या कडेला तिरका धर आणि दोन्ही वेळा दोन-दोन मिनिटे हलक्या हाताने फिरव. रक्त येईल. येऊ दे. फटींत धागा किंवा छोटा ब्रश फिरवायचा, तो दाताच्या डॉक्टरांकडून हातात घेऊन शिकून घे.

रात्री कवळी वाटीत काढून ठेवताना तुझ्या लहानपणीचे दात आठवतात. पहिला पडला तेव्हा तू तो मुठीत धरून यार्डापर्यंत दाखवायला आली होतीस आणि सौदा थांबवून सगळ्यांनी तो पाहिला होता. माझ्या पोरीचे दात किती सरळ आहेत, हे मी आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

आईने भडंगाचा डबा भरून ठेवला आहे. उद्याच्या एसटीने पाठवतो. जावईबापूंना गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा त्यांना बरोबर घेऊन जा. डॉक्टर सळई घालून आकडे सांगतील, ते कागदावर उतरवून घे आणि मला कळव, डाव्या बाजूचे आधी. आकडा कितीही निघाला तरी मी आवाज चढवणार नाही.

तुझा,
बाबा