‘सर्वांगांवर प्रभुत्व’ नको

संपादक महाशय,
गणेशोत्सव आला की आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मंडळांच्या पत्रिका आणि बातम्यांतून प्रत्येक साथीदार ‘तबल्याच्या सर्वांगांवर प्रभुत्व असलेला’ होतो. गेल्या वर्षी मीही झालो!

वस्तुस्थिती अशी: ग्वाल्हेर गायकीत रुळलेला तिलवाडा हा संथ ताल मी तासभर न हलता धरतो. सोळा मात्रांत गायक कुठेही फिरून येवो, सम, म्हणजे पहिली मात्रा, त्याला जागेवर मिळते. पण ‘धिरधिर’ हा बोल? तळव्याची करंगळीकडची कड आणि अंगठ्याकडची कड आळीपाळीने शाईवर, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलावर, पडायला हवी. द्रुत, म्हणजे जलद लयीत माझी दुसरी कड मागे राहते आणि बोल चिखलात पाय पडल्यासारखे वाजतात. रियाज चालू आहे, फरक मात्र बेताचाच. म्हणून गायकाला आधीच सांगतो, ‘बुवा, तराण्याची लय फार चढवू नका.’ बहुतेक जण हसून मान्य करतात. एकाने तर, ‘मलाही तेवढी लय झेपत नाही,’ असं हळूच सांगितलं.

निवेदकांना मात्र हे पटत नाही. त्यांना विनय वाटतो. विनय कसला, हिशेब आहे. यंदा नावापुढे नुसतं ‘तबला साथ’ छापावं, ही विनंती.

– एक तबलावादक, लष्कर, ग्वाल्हेर