क्षेत्रकार्याची वही कोण तपासणार? सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : समाजकार्य महाविद्यालयांतील शिक्षकांचा क्षेत्रातील अनुभव आणि क्षेत्रकार्याचे तास हिशेबात धरण्याबाबत.

महोदय,

सस्नेह नमस्कार.

बीएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, विद्यार्थ्याची क्षेत्रकार्याची (वस्तीत किंवा संस्थेत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाची) वही उघडली की पहिल्या पानावर हमखास तीन वाक्यं सापडतात. ‘आज वस्तीला भेट दिली. लोकांच्या समस्या जाणून घेतल्या. योग्य ते मार्गदर्शन केले.’ खाली शिक्षकाची सही. पुढच्या आठवड्यात तारीख बदलते, वाक्यं तीच राहतात. अधूनमधून मात्र वेगळी वही हाती येते. वाक्यं तीच, पण समासात लाल पेनानं लिहिलेलं असतं : ‘कोणाच्या घरी गेलास? घरात कोण होतं? शिधापत्रिकेवर नावं किती आणि जेवणारी माणसं किती? सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालं का?’ असं विचारणाऱ्या शिक्षकानं कधी तरी तहसील कचेरीत पुरवठा शाखेच्या टेबलाशी उभं राहून कोणाचं तरी नाव कार्डावर चढवलेलं असतं. हे प्रश्न वाचून सुचत नाहीत. आमचं पत्र या समासातल्या लाल शाईबद्दल आहे. ती दरवर्षी कमी होते आहे, आणि का कमी होते याची कारणं बरीचशी कागदावरच सापडतात.

आधी हे शिक्षक येतात कुठून ते सांगतो. जळगाव, चोपडा, अमळनेर, धुळ्याजवळचं मोराणे, तळोदा इथं समाजकार्य शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घरातले पहिले पदवीधर. बीएसडब्ल्यू तालुक्याच्या गावी, एमएसडब्ल्यू ही पदव्युत्तर पदवी त्याच महाविद्यालयात किंवा जळगावला, जमलं तर पुणे, मुंबई, तुळजापूर. त्यानंतरची वर्षं ठरलेल्या वाटांनी जातात. कोणी जिल्हा रुग्णालयात समुपदेशक, कोणी समाजसेवा अधीक्षक, कोणी ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तालुका पातळीवर, कोणी बाल संरक्षण कक्षात, कोणी वनहक्काच्या दाव्यांवर काम करणाऱ्या संस्थेत. नेमणूक अकरा महिन्यांची, प्रकल्प संपला की माणूस मोकळा. मग नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचा अभ्यास, मग तासिका तत्त्व, म्हणजे तासागणिक मोबदल्यावर शिकवणं. तासिका तत्त्वावर सहा-आठ वर्षं काढलेला माणूस आमच्याकडे नवलाचा नाही. चाळिशीच्या तोंडावर कायम झाला तर त्याला नशीबवान म्हणतात. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्याला जुनं निवृत्तिवेतन नाही, म्हणजे उशिरा लागल्याची किंमत तो शेवटपर्यंत मोजतो.

दुसरी वाट सरळ आहे. पदवी, पदव्युत्तर, पीएचडी, दोन-तीन शोधनिबंध, मुलाखत. या वाटेनं आलेल्यांत उत्तम शिक्षक आहेत, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार तराजूबद्दल आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवारांची छाननी करण्यासाठी तक्ता ३ब आहे. एकूण १०० गुण. दोन उमेदवार समोर ठेवू. दोघांनाही पदवीला ६२ टक्के, पदव्युत्तरला ६४ टक्के. त्याचे प्रत्येकी १९ आणि २३ गुण. पहिला नेट आहे, ८ गुण. त्यानं दहा वर्षं सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात आरोग्य आणि कुपोषणावर काम केलंय. त्याचे गुण शून्य. बेरीज ५०. दुसरा पीएचडी आहे, २५ गुण. सेटचे ५, तीन शोधनिबंधांचे ६, दोन वर्षं शिकवल्याचे ४. बेरीज ८२. अनुभवाला तक्त्यात १० गुण आहेत, वर्षाला २ या दरानं, पण तो अनुभव अध्यापनाचा किंवा पीएचडीनंतरच्या संशोधनाचा असला पाहिजे. ३० जून २०२३च्या दुरुस्तीनं पीएचडी सहायक प्राध्यापकपदासाठी ऐच्छिक झाली हे खरं. पण तक्त्यात तिला २५ आणि नेटला ८ गुण आहेत तोवर ऐच्छिक म्हणायचं ते तोंडदेखलं.

इतिहास किंवा गणित शिकवणाऱ्यासाठी हा तक्ता कदाचित ठीक असेल. समाजकार्याचं तसं नाही. या विषयाचा जन्मच कामातून झाला. क्लिफर्ड मॅनशार्ट आधी मुंबईच्या नागपाड्यात वस्तीपातळीवर काम करत होते, आणि १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावानं देशातली पहिली समाजकार्य शाळा निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच झाले. वस्ती आधी, वर्ग नंतर. आज नियम असे झालेत की वस्तीत घालवलेली वर्षं उमेदवाराच्या अर्जात रिकामी वर्षं म्हणून दिसतात.

नेमणूक झाल्यावरही ती वर्षं परत मिळत नाहीत. त्याच नियमावलीत पूर्वीची सेवा कोणती धरायची याच्या कलमात राष्ट्रीय प्रयोगशाळांसोबत ‘वैज्ञानिक/व्यावसायिक संस्था’ असे शब्द आहेत. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला त्यात बसवता येईल असं वाटतं. पण लगेच पुढे अट येते की आधीचं पद समकक्ष वेतनश्रेणीचं हवं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्या श्रेणीतलं समाजकार्याचं पद तालुक्यात शोधून सापडत नाही. तासिका तत्त्वाच्या वर्षांचंही तेच. तात्पुरत्या सेवेतला एकूण मोबदला नियमित शिक्षकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावा अशी अट आहे. तासिकेवर तेवढे पैसे मिळाले असते तर मग रडायचं काय होतं?

पदोन्नतीतही माणूस वर्गाकडे आणि कागदाकडेच ढकलला जातो. पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, नसेल तर ६ वर्षांनी पहिला टप्पा. सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच. महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण. सामाजिक शास्त्रात एका शोधनिबंधाला १० गुण. धोरणविषयक दस्तऐवज राज्य शासनाला सादर केला तर ४. तोच शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पाड्यापाड्यांवर फिरला, किती बाळंतपणं घरी झाली याची यादी केली आणि ती आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला दिली, तर त्या रकान्यात काही नाही. मग पैसे घेऊन पंधरा दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांकडे लोक वळतात. आमच्यातलेही वळले, झाकून कशाला ठेवायचं? आयोगानं आपली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५मध्ये मागे घेतली. धंदा त्याच्या आधीपासून जोरात होता.

आता कार्यभार. सहायक प्राध्यापकानं आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचं. क्षेत्रकार्य म्हणजे विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस संस्थेत, रुग्णालयात किंवा वस्तीत. एका शिक्षकाकडे १५ विद्यार्थी धरा. प्रत्येकाशी आठवड्याला २० मिनिटं स्वतंत्र बसायचं, ते झाले ५ तास. प्रत्येकाची वही मन लावून वाचायला १५ मिनिटं, म्हणजे पावणेचार तास. गटचर्चा १ तास. पंधरा जण पाच ठिकाणी विभागलेले असतील आणि प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा जायचं, जाऊन-येऊन ४ तास धरले, तर आठवड्याला सरासरी ५ तास. बेरीज पावणेपंधरा तास. आणि ४ तासांचा हिशेब सपाटीवरचा झाला. तळोद्याहून एसटीनं देवगोईचा घाट चढून मोलगीच्या बाजूला गेलात तर दिवस गेला म्हणून समजा.

हे पावणेपंधरा तास वेळापत्रकात किती उमटतात? अनेक ठिकाणी ‘क्षेत्रकार्य’ एवढा एकच शब्द, दोन वारांवर आडवा. नव्या रचनेत प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) सत्रात ३० तास लागतात, चार श्रेयांकांचे १२० तास विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर चढतात. शिक्षकाच्या खाती त्यातलं थोडंच येतं. पदं कार्यभारावर ठरतात. तास दिसत नाहीत म्हणून पद दिसत नाही, पद नाही म्हणून पंधराचे पंचवीस विद्यार्थी होतात, आणि पंचवीस वह्यांवर फक्त सह्या होतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर बहुतेक वेळा वर्गातल्या तासाचेच पैसे मिळतात. त्यानं वस्तीवर जावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची?

क्षेत्र माहीत असलेला शिक्षक नसला की काय बिघडतं, याचा एकच नमुना देतो. ग्रामीण शिबिराची तारीख. वर्गाच्या सोयीनं डिसेंबर-जानेवारी बरा पडतो. पण नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. सातपुड्यात होळी चुकवायची नसते. जानेवारीत शिबिर लावलं की पाड्यावर म्हातारी माणसं, थोडी पोरं आणि कुलपं. विद्यार्थी सर्वेक्षणाचे फॉर्म तरीही भरून आणतात, कारण भरायचेच असतात. जाणता शिक्षक शिबिर दिवाळीआधी घेतो. किंवा हंगामात विद्यार्थी पाड्यावर न पाठवता ऊसतोड्यांच्या तळावर पाठवतो. आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांची शाळेतली हजेरी आणि तिकडे गेलेल्यांचं हंगामातलं रेशन, हे दोन धागे तो एकाच वहीत आणतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंही तसंच. ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण हे फळ्यावर पाच मिनिटांत शिकवून होतं. वाहक निघालेल्या मुलीच्या बापाशी लग्नाआधी काय आणि कसं बोलायचं, पावरीत बोलायचं की भिलोरीत, हे फळ्यावर होत नाही. नेटचा पेपर हिंदी-इंग्रजीतून. अहिराणी, पावरी, भिलोरी, मावची येणाऱ्याला तक्त्यात एकही गुण नाही. शहाद्यात १९७२ साली आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, त्या चळवळीच्या प्रदेशात समाजकार्याचा शिक्षक निवडताना त्याला इथली बोली येते का, हे विचारायला फॉर्मवर जागा नसावी, हे आम्हाला अजून पटलेलं नाही.

रिकाम्या पदांबद्दल थोडक्यात, कारण फाइल आपल्याच विभागातून फिरते. आमची अनुदानित महाविद्यालयं आपल्या विभागाकडे, अभ्यासक्रम आणि शिक्षकमान्यता विद्यापीठाकडे, आणि प्राध्यापकांविषयीचे शासन निर्णय निघतात उच्च शिक्षण विभागातून. ते आम्हाला आपोआप लागू होत नाहीत. आपला विभाग स्वतंत्र निर्णय काढेपर्यंत थांबावं लागतं. पद भरायचं तर कार्यभार तपासणी, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही), ना हरकत, जाहिरातीला विद्यापीठाची मंजुरी, निवड समितीवर नामनिर्देशित सदस्य, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, मग समाजकल्याणकडून वेतननिश्चिती. यातली एक पायरी लांबली की मागची जुनी होते. बिंदुनामावली तपासून आणेपर्यंत आणखी एक जण निवृत्त होतो आणि ती पुन्हा करायची वेळ येते. प्रत्येक टेबलाला दिवसांची मुदत घालून द्यावी, आणि उच्च शिक्षणाचा निर्णय निघाला की तीस दिवसांत आपला निघावा, इतकंच इथं मागतो.

बाकीच्या मागण्यांपैकी पहिली सर्वांत स्वस्त आहे. छाननीचे गुण आयोगाचे आहेत, ते बदलायला दिल्लीला जावं लागेल. जरूर जावं, आणि समाजकार्यापुरते अनुभवाचे ते १० गुण क्षेत्रातल्या कामालाही लागू करा असं राज्यानं लेखी कळवावं. पण मुलाखत तर इथंच होते. समाजकार्याच्या प्रत्येक मुलाखतीत उमेदवाराच्या हातात विद्यार्थ्याची एक खरी वही द्या, नाव झाकून. वीस मिनिटांत तिच्या समासात शेरे लिहायला सांगा. कोण वस्तीत वावरलंय आणि कोण नाही, हे समितीला विचारावं लागणार नाही. यासाठी आपल्या विभागाचं एक परिपत्रक आणि विद्यापीठाची संमती पुरेल.

दुसरी, क्षेत्रकार्याच्या मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरावेत, दर १० विद्यार्थ्यांमागे आठवड्याला किमान ६ तास, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही त्यांचा मोबदला मिळावा. वरच्या हिशेबानं दहा जणांना जवळपास दहा तास लागतात, तरी सहा मागतोय. तिसरी, कायम शिक्षकाला दर पाच वर्षांनी एक महिना रुग्णालय, प्रकल्प कार्यालय किंवा संस्थेत प्रत्यक्ष कामाला पाठवावं आणि ते उजळणी वर्गाच्या जागी धरण्यासाठी आयोगाकडे आग्रह धरावा. आमच्यातले काही जण नोकरी लागल्यावर वस्तीत पुन्हा गेलेच नाहीत. त्यांना नियमानं पाठवायला हवं.

कोणी आपल्याला सांगेल की ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय आहे, तिच्यातून अनुभवी माणसं घ्या. आयोगाची २०२२ची ती मार्गदर्शक तत्त्वं आम्ही वाचलीत. पंधरा वर्षांचा वरिष्ठ पातळीवरचा अनुभव आणि मंजूर पदांच्या १० टक्के मर्यादा. आठ मंजूर पदांच्या महाविद्यालयात दहा टक्के म्हणजे ०.८ माणूस. तो कुठून आणायचा?

सोबत दोन वह्यांच्या प्रती जोडल्या आहेत, विद्यार्थी आणि शिक्षकांची नावं झाकून. एकीत प्रत्येक पानावर फक्त सही आहे, दुसरीत समास भरलेला आहे. दोन्ही वाचायला पंधरा मिनिटं लागतील. फाइलवर शेरा मारण्याआधी तेवढी वाचावीत.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील समाजकार्याचे काही आजी-माजी शिक्षक

प्रत माहितीसाठी :
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण
मा. आयुक्त, समाजकल्याण, पुणे
मा. कुलगुरू, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव