सिटी बसला आधी वाट द्या

महोदय,

मुलाच्या नोकरीनिमित्त झुरिकला राहून आलो. तिथली ट्राम महापालिकेचीच आहे. ट्राम चौकाजवळ येताच रस्त्यातला सेन्सर सिग्नलला वर्दी देतो आणि ती पोहोचेपर्यंत हिरवा दिवा लागलेला असतो. मोटारी थांबतात, ट्राम जाते! यामागे लोकांचा कौल आहे. १९७३ मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी रेल्वे नाकारली आणि १९७७ मध्ये ट्राम-बसला रस्त्यावर प्राधान्य देण्यासाठी २० कोटी फ्रँक मंजूर केले.

मुंबईची ट्रामही महापालिकेच्या बेस्टकडेच होती, ती १९६४ मध्ये बंद झाली. सोलापुरात रूळ टाका, असं माझं म्हणणं नाही. पण विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायका विड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन, अंग चोरून शेअर रिक्षात बसतात, हे बघवत नाही. दिवसभर वळलेल्या विड्या चुरगळल्या तर कारखान्यात छाट पडते, मजुरी जाते.

विडी घरकुल ते अशोक चौक हा एकच मार्ग आधी घ्या. ठरलेल्या वेळेला बस सोडा, थांब्यावर वेळापत्रक लावा, थांब्यापुढच्या रिक्षा आणि हातगाड्या हलवा. येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद हवी. नगरसेवकांनी ती मागावी.

– एक निवृत्त यंत्रमाग कामगार, अशोक चौक, सोलापूर